डाव्या बाजूचं दार

मित्रांनो, जालन्याहून अंबडला जाताना, अंबडच्या थोडं अलीकडे मच्छिंद्रचं शेत लागतं. शेताच्या कडेला एक मोठा लिंब आहे आणि त्या लिंबाखाली एक पांढरी गाडी उभी असते. पांढरी म्हणायचं ते जुन्या ओळखीमुळे. आता तिचा रंग मातीचाच झाला आहे. बोनेटवर कोंबड्या बसतात आणि मागच्या सीटवर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी ठेवलेली असतात. ती गाडी म्हणजे मी. माझ्याजवळून जाताना तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या काचेवरच्या धुळीत बोटाने नाव काढतं, ते मला आवडतं. आज मात्र थोडा वेळ थांबा. मला माझ्या माणसांबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्रे दाबले, सांधे जोडले, रंगाच्या भट्टीतून काढलं आणि पोटात डिझेलचं दणकट इंजिन बसवलं. माझ्याच रांगेत काही बुटक्या, लांबुडक्या, नाजूक गाड्या तयार होत होत्या. त्या शहरांसाठी होत्या. मला मात्र मुद्दाम उंच केलं होतं. खालून दगड लागू नये, चिखलात पोट टेकू नये, म्हणून. तेव्हा मला त्या बुटक्या गाड्यांचा हेवा वाटायचा. माझी उंची कुणाच्या कधी उपयोगी पडेल, हे मला ठाऊक नव्हतं.

जालन्याच्या जगन्नाथरावांनी मला विकत घेतलं. जालना बियाण्यांचं गाव. जगन्नाथराव तिथल्या एका कंपनीत कपाशीचे नवे वाण तयार करायचे. दोन झाडांचा संकर करायचा, त्यातून निघालेलं तिसरं झाड पारखायचं, पुन्हा पुढच्या हंगामाची वाट पाहायची. असलं सबुरीचं काम. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांना एकच मुलगी, निवेदिता. मी घरी आले तेव्हा ती दप्तर पाठीला लावून फाटकात उभी होती.

पहिल्याच दिवशी मला राजूरला गणपतीच्या दर्शनाला नेलं. सरोजिनीबाईंनी माझ्या बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकांवर पाणी घातलं आणि हळूच म्हणाल्या, “सांभाळून ने गं बाई सगळ्यांना.” मग पदर सावरून त्या डाव्या बाजूच्या पुढच्या दाराने आत बसल्या. ती जागा त्या दिवसापासून त्यांची झाली.

मित्रांनो, माझी तरुणपणाची वर्षं काळ्या मातीत गेली. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, जिथे जिथे कंपनीचे प्लॉट होते, तिथे तिथे मी जगन्नाथरावांना नेलं. श्रावणात कपाशी फुलायला लागली की त्यांना घर दिसायचं नाही. दुपारी बाया ओळीने उभ्या राहून कळ्यांतले पुंकेसर नखाने काढायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलांना दुसऱ्या झाडाचे पराग लावायच्या. जगन्नाथराव ओळीओळीतून फिरायचे आणि मी बांधावर तापत उभी राहायचे. मच्छिंद्रचा प्लॉट त्यातलाच एक. एकदा पावसाने सगळी वाट लोण्यासारखी झाली होती. बाकीच्या गाड्या रुतल्या, मी मात्र घरघरत बाहेर आले. मच्छिंद्र खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाला, “साहेब, ही गाडी हाय का हत्तीण?” त्या दिवशी मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण माझ्यातून हिंडायची हौस खरी होती ती सरोजिनीबाईंना. त्यांच्या बोटांवर सतत खडूची पूड असायची. रविवारी बाजारात जायला निघाल्या तरी त्या काच खाली करून बाहेर बघत बसायच्या. नाला दिसला की तो कोणत्या नदीला मिळतो ते निवेदिताला सांगायच्या. गोदावरी कुठून येते, दुधना कुठे जाते, टेकडीच्या माथ्यावरचा मुरूम तांबडा का, सगळं.

“अहो,” त्या एकदा म्हणाल्या, “मी वर्गात मुलींना सांगते, कन्याकुमारीला तीन समुद्र भेटतात. मी स्वतः एकसुद्धा पाहिला न्हाई अजून.”

“जाऊ ना,” जगन्नाथराव म्हणाले. “एवढा वाण बाजारात येऊ दे, मंग जल्दी निघू.”

तो वाण बाजारात आला. मग त्याच्यापेक्षा चांगला वाण हवा झाला. खरीप सरला की रब्बीची बैठक, रब्बी सरली की उन्हाळी पेरणी. दरवर्षी सुट्टीत सरोजिनीबाई एक पिशवी भरायच्या आणि दरवर्षी ती रिकामी करायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. जगन्नाथराव वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. त्यांचा बायकोवर जीव होता. त्यांना एवढंच वाटायचं की वेळ कुठे पळून चालला आहे? तोही बियाण्यासारखा कोठारात ठेवता येतो, काढला की उगवतो.

निवेदिता मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. जगन्नाथराव कंपनीत भागीदार झाले, केस पांढरे झाले आणि एक दिवस सगळं तरुण मंडळींच्या हाती देऊन ते घरी बसले. त्या संध्याकाळी ते माझ्या बोनेटला टेकून सरोजिनीबाईंना म्हणाले, “आता मी मोकळा. सांग, कुठं जायचं?”

सरोजिनीबाई हसल्या. पण त्या हसण्यात उजवा गाल हलला नाही. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटांवर घासत होता. सतत, जशी कुणी जपमाळ ओढावी.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हळूहळू त्यांची पावलं बारीक झाली, पाऊल उचलताना जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं. उंबऱ्यापाशी त्या अडून राहायच्या. मन पुढे जायचं, पाय जायचे नाहीत. आवाज इतका खाली गेला की जगन्नाथरावांना वाकून ऐकावं लागायचं. पण माझ्यात बसायची एक रीत त्यांना सापडली होती. डाव्या दाराशी पाठ करून उभं राहायचं, मागे टेकायचं की सीट बराबर कमरेखाली यायची. मग जगन्नाथराव दोन्ही पाय उचलून आत ठेवायचे, साडीच्या निऱ्या सारख्या करायचे आणि दार लावायचे. उतरताना पाय बाहेर सोडले की जमीन लागायची, उठायला ताकद लागायची नाही. माझी उंची अशी त्यांच्या कामी आली. त्या बुटक्या गाड्यांचा हेवा तेव्हा संपला.

मी स्वतः मात्र थकले होते. क्लच घसरायचा, चढावर धूर यायचा. निवेदिता फोनवर म्हणायची, “बाबा, आता इलेक्ट्रिक गाडी घ्या. आवाज नाही, धूर नाही, धक्के नाहीत. आईला त्रास होणार नाही.” जगन्नाथरावांनी ते मनावर घेतलं. घरात चार्जिंगची सोय करून घेतली आणि गाड्या बघायला लागले. माझ्या सीटवर बसून ते तासन्‌तास फोनवर चित्रं बघायचे. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक होती लांब, काळीभोर, जमिनीलगत चालणारी सेडान. राजघराण्यातली वाटावी अशी. दुसरी क्रॉसओव्हर, म्हणजे साधारण माझ्यासारखी, उंच बांध्याची, पण विजेवर चालणारी.

आम्ही संभाजीनगरच्या शोरूमला गेलो. मला काचेच्या दारासमोर उभं केलं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. राजानंद नावाचा एक हसतमुख मुलगा गाड्या दाखवत होता. आधी त्याने सरोजिनीबाईंना क्रॉसओव्हरमध्ये बसवलं. त्या नेहमीसारख्या पाठमोऱ्या टेकल्या आणि बसल्या. गाडी एक फेरी मारून माझ्या शेजारी येऊन थांबली. सरोजिनीबाईंच्या चेहऱ्यावर मला कितीतरी दिवसांनी ओळखीचं काहीतरी दिसलं.

“अहो, इथनं लांबपर्यंत दिसतं,” त्या म्हणाल्या.

पण जगन्नाथरावांचं मन सेडानवर जडलं होतं. तिची मागची सीट बटण दाबलं की पलंगासारखी आडवी व्हायची, पायांखाली वेगळी गादी यायची. “सरोज, ती उंच गाडी तर आपल्या जुन्या डब्यासारखीच झाली,” ते म्हणाले. “जिंदगीभर तुला बियाण्याच्या पोत्यांत बसवून फिरवलं. आता तरी आरामात नेईन म्हणतो. तू मागं आडवी हो, मी चालवतो. कन्याकुमारीपर्यंत पोटातलं पाणी हलणार न्हाई.”

त्यांनी मला डबा म्हटलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्यांचा आवाज ऐकला तर तुम्हालाही वाटलं नसतं. आयुष्यभराचं राहिलेलं सगळं त्यांना त्या एका गाडीतून द्यायचं होतं.

सेडानमध्ये बसताना राजानंदने आणि जगन्नाथरावांनी मिळून सरोजिनीबाईंना खाली सोडलं. फेरी झाली. गाडी पुन्हा माझ्याशेजारी आली आणि जगन्नाथराव रंग ठरवायला घाईघाईने आत गेले. सरोजिनीबाई उतरायला लागल्या. पाय बाहेर आले, पण सीट इतकी खोल होती की गुडघे छातीपर्यंत आले. त्यांनी दाराला धरून जोर केला. अर्ध्यातून मागे पडल्या. पुन्हा जोर केला, पुन्हा पडल्या. हात थरथरायला लागला तसा तो त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला, कुणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. राजानंदच्या लक्षात आलं. तो धावत आला आणि काखेत हात घालून त्याने त्यांना उभं केलं.

“काकू, साहेबांना बोलवू का?”

“नको बाळा,” सरोजिनीबाई म्हणाल्या. श्वास लागला होता. “त्यांना सांगू नको. त्यांना फार आवडलीय.”

राजानंद घुटमळला. तेवढ्यात जगन्नाथराव बाहेर आले आणि त्यांनी सेडानच नक्की केल्याचं सांगितलं. येताना ते रस्ताभर बोलत होते. आधी रामदास स्वामींच्या जांब समर्थला जाऊन यायचं, मग कोकण, मग हंपी, मग खाली दक्षिणेला. सरोजिनीबाई काचेतून बाहेर बघत “हो” म्हणत होत्या. माझ्या खिडकीतून बदनापूरजवळची हिरवी शेतं मागे जात होती. मी बोलू शकले असते तर त्या दिवशी बोलले असते.

काही दिवसांनी निवेदिता आईला भेटायला आली. मुलीला गाडी दाखवायची म्हणून जगन्नाथरावांनी राजानंदला सेडान घेऊन जालन्याला बोलावलं. नवी गाडी फाटकापाशी, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या काळ्या अंगात माझं मळकट रूप दिसत होतं. गल्लीतली मुलं जमली, शेजारच्या गिरिजाबाई ओट्यावर आल्या. जगन्नाथरावांनी सरोजिनीबाईंना मागे बसवलं, सीट आडवी केली, निवेदिताला पुढे घेतलं आणि अंबड चौफुलीपर्यंत फेरी मारून आणली.

“चल सरोज, उतर,” त्यांनी दार उघडून हात पुढे केला.

सरोजिनीबाईंनी हात धरला. जगन्नाथरावांनी ओढलं. त्या अर्ध्या उठल्या आणि त्यांचे पाय जमिनीला चिकटले. वरचं अंग पुढे आलं, पाय आले नाहीत. त्या गुडघ्यांवर पडल्या, अगदी माझ्या पुढच्या चाकापाशी. निऱ्या सुटल्या. चष्मा माझ्याखाली गेला. मुलं गप्प झाली.

निवेदिता धावली, पण सरोजिनीबाईंनी हातानेच तिला थांबवलं. त्या उठायचा प्रयत्न करत नव्हत्या. जगन्नाथराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“लागलं का? सरोज, कुठं लागलं?”

“मला त्या दिवशीपण उतरता आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की गल्ली गप्प होती म्हणूनच ऐकू आला. “त्या पोरानं उचललं मला.”

जगन्नाथरावांनी राजानंदकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

“मंग सांगितलं का न्हाई मला?”

“तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी निवडत होता. इतके खुश होता. कसं सांगू?”

सरोजिनीबाईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. “एक सांगू? मला आडवं करून नेऊ नका हो. आडवं होऊन जायचंच आहे एक दिवस. मला बसून बाहेर बघायचंय. त्या गाडीत नुसतं छत दिसतं. न्हाईतर रस्त्याचा कठडा.”

जगन्नाथरावांनी मान खाली घातली. इतकी वर्षं झाडाच्या पानावरून त्याचा रोग ओळखणारा माणूस, आणि शेजारी बसणाऱ्या बाईला काय हवं ते त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्याखाली हात घालून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि सरोजिनीबाईंच्या डोळ्यांवर ठेवला. मग दोघा-तिघांनी मिळून सरोजिनीबाईंना घरात नेलं. सेडान आवाज न करता निघून गेली. त्याच दिवशी जगन्नाथरावांनी तिच्याऐवजी क्रॉसओव्हर सांगितली.

पण ती गाडी लगेच मिळणार नव्हती. मागणी फार होती, दिवाळी उलटून जाईल असं शोरूममधून कळलं. आणि मित्रांनो, इथे पुन्हा तेच झालं. “गाडी येऊ दे, मंग निघू,” जगन्नाथराव म्हणायला लागले. सरोजिनीबाई खिडकीशी बसून माझ्याकडे बोट दाखवायच्या. “ही आहे ना दारात. हिच्यातून चला की.”

“हिचा काय भरवसा? रस्त्यात बंद पडली तर तुला घेऊन कुठं जाऊ?” ते म्हणायचे. त्यांचं चूक होतं असं नाही. माझं क्लचचं दुखणं खरंच वाढलं होतं. तरी मला वाटायचं, एकदा किल्ली तर फिरवून बघा.

भाद्रपदात एका सकाळी मच्छिंद्रचा फोन आला. जगन्नाथरावांनी फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून अंगणात मलाही ऐकू आलं. “साहेब, या वर्षी कपाशी लई जोरात हाय. तुमच्याच वाणाची हाय. बाईंना घेऊन या न एकदा. म्या वाट बघून राह्यलो.”

सरोजिनीबाईंनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. जगन्नाथराव खुंटीवरची किल्ली घेऊन बाहेर आले, माझ्या बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, “आजचा दिवस ने आम्हाला.”

नेलं मी. सगळं बळ एकवटून नेलं. चढावर धूर सोडला नाही असं म्हणणार नाही, पण थांबले नाही. सरोजिनीबाईंनी काच पूर्ण खाली करायला लावली होती. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उडत होते. मच्छिंद्रने वाटेतले दगड काढून ठेवले होते, त्यामुळे मला थेट कपाशीच्या ओळींपर्यंत जाता आलं. दोन्ही बाजूंना कमरेइतकी कपाशी आणि मध्ये मी. माझ्या खिडकीची उंची आणि त्या फुलांची उंची जवळजवळ एकच होती.

“ही पिवळट फुलं आजची,” जगन्नाथराव सांगायला लागले. “आणि ती गुलाबी कालची. फूल एकच दिवस उघडतं. दुसऱ्या दिवशी रंग बदलतो, तिसऱ्या दिवशी गळून जातं.”

“म्हणजे तुम्ही याच्यासाठी घर सोडून यायचा?”

“हो.”

“मग बराबर आहे,” त्या म्हणाल्या. “एका दिवसाचं असेल तर यायलाच पायजे.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. जगन्नाथराव मात्र तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला बघत राहिले. मच्छिंद्रची बायको नंदाबाई ताटलीत भाजलेली कणसं घेऊन आली. तिने दाणे काढून एकेक सरोजिनीबाईंच्या तोंडात घातला, कारण त्यांच्या हातून ते सांडत होते. तिचेही गुडघे दुखत होते, ती दाराला धरूनच उभी होती. सरोजिनीबाई तिला म्हणाल्या, “नंदाबाई, तुम्ही पण डॉक्टरला दाखवा. माझ्यासारखं थांबत बसू नका.” “दाखवीन बाई,” नंदाबाई म्हणाली, “सुगी होऊ द्या.” दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. परत निघताना सरोजिनीबाई म्हणाल्या की त्यांना बिलकुल थकवा आला नाही. हे खरं नव्हतं. रस्त्यात त्या झोपल्या, मान खिडकीला टेकून.

पुढे जांबला जायचं ठरलं होतं. पण दसऱ्यानंतर त्यांना गिळायला त्रास व्हायला लागला. पाणीसुद्धा ठसक्याने बाहेर यायचं. थंडी सुरू झाली आणि छातीत कफ साठला. दवाखान्यात नेलं तेही माझ्यातूनच. त्या दिवशी त्यांना पाठमोरं उभं राहता आलं नाही. निवेदिता आणि गिरिजाबाईंनी उचलून बसवलं. दवाखान्याच्या दारात उतरवून त्यांना आत नेताना त्यांचा हात माझ्या दारावरून घसरत गेला, तेवढाच स्पर्श.

मी दवाखान्याच्या आवारात उभी होते. कितीतरी दिवस. सकाळी दंव पडायचं आणि माझ्या काचा आंधळ्या व्हायच्या. मग एका दुपारी निवेदिता रडत बाहेर आली आणि मला कळलं.

सगळे विधी उरकले. काही सामान राहिलं होतं म्हणून जगन्नाथराव एकटेच माझ्यातून दवाखान्यात गेले आणि परत आले. घरासमोर त्यांनी मला थांबवलं, उतरले आणि नेहमीप्रमाणे बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. दार उघडलं. पाय उचलायला वाकले. सीट रिकामी होती. ते तसेच वाकलेले राहिले, दोन्ही हात पुढे करून. मग त्यांनी हळूच दार लावलं. मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण त्या दिवशी ते दार लागताना जो आवाज झाला, तसा माझ्यातून पुन्हा कधी निघाला नाही.

संक्रांतीनंतर नवी क्रॉसओव्हर आली. निवेदिता म्हणाली, “बाबा, नको घेऊ या आता.” ते म्हणाले, “तिनं निवडली आहे, घेणार.” शोरूमवाले मला बदल्यात घेऊन भंगारात देणार होते. जगन्नाथरावांनी नाही म्हटलं. मला मच्छिंद्रकडे आणून सोडलं आणि सांगितलं, “हिला विकू नका. उभी राहू दे.” तेव्हापासून मी इथे आहे. माझं इंजिन पुन्हा कधी सुरू झालं नाही. पहिल्या पहिल्यांदा मच्छिंद्र फडकं मारायचा, मग त्यालाही कामं असतात.

जगन्नाथराव अधूनमधून इथे येतात. नवी गाडी आवाज करत नाही, त्यामुळे ते आलेले कुणाला कळत नाही. “साहेब, कवा आल्ते? हाक तर मारायची,” मच्छिंद्र म्हणतो. ते बांधावर बसतात, कपाशीच्या वाळून उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांकडे बघतात आणि निघून जातात. त्या सुंदर नव्या गाडीची डाव्या बाजूची सीट कोरीच होती. तिच्यावरचा कारखान्याचा प्लास्टिकचा कागदसुद्धा त्यांनी काढला नव्हता. निवेदितालाही ते मागेच बसवायचे म्हणे.

मागच्या महिन्यात ते आले तेव्हा नंदाबाई ओट्यावरून उतरत होती. एकेक पायरी बसून, हाताने रेटा देत. सुगी कधीच झाली होती. जगन्नाथराव बघत राहिले.

“दवाखान्यात गेल्त्या का?” त्यांनी विचारलं.

“जाईन न साहेब. एसटीची पायरी चढवत न्हाई आता. मोटरसायकलवर पाय टाकता येत न्हाई. ह्यांना सवड भेटली की रिक्षा करून जाईन.”

“चला,” जगन्नाथराव म्हणाले. “आत्ता चला.”

“आत्ता? साहेब, भाकरी टाकायच्या हायती. लुगडं तरी बदलू द्या.”

“मच्छिंद्र खाईल एक दिवस शिळं. चला.”

मच्छिंद्रने तिला धरून गाडीपाशी आणलं. ती मागच्या दाराकडे गेली. जगन्नाथरावांनी पुढचं, डाव्या बाजूचं दार उघडलं. नंदाबाईने त्या सीटवरचा चकचकीत कागद पाहिला आणि ती मागे सरली.

“न्हाई साहेब. ती बाईंची जागा हाय. मी मागं बसते.”

जगन्नाथरावांनी त्या कागदाचं टोक धरलं आणि तो टरकन फाडून काढला. “तिला बसवायचं राहून गेलं,” ते म्हणाले. “तुम्ही तरी बसा.”

नंदाबाईने दाराकडे पाठ केली आणि मागे टेकली. सीट बराबर आली. ती चकित होऊन म्हणाली, “अय्या, किती सोपं हाय!” जगन्नाथराव वाकले, त्यांनी तिचे मातीने भरलेले पाय उचलून आत ठेवले. ती लाजेने “साहेब, साहेब” म्हणत राहिली. त्यांनी लुगड्याचा काठ आत घेतला आणि दार लावलं. मी बघत होते. ते रडत होते आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग गाडी आवाज न करता अंबडच्या दिशेला गेली.

माझं सांगणं संपत आलं. मित्रांनो, मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेन की नाही, ठाऊक नाही. खालून गंज चढतो आहे. मला धुऊन पुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरी नवी गाडी घ्यायचं बोलणं निघालं, तर एक करा. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला आधी तिच्यात बसवा आणि मग उतरायला सांगा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघा, कारण प्रेमाची माणसं तोंडाने खोटं बोलतात. आणि कुणाला कुठे न्यायचं तुम्ही कबूल केलं असेल, तर नव्या गाडीची वाट पाहू नका. जी दारात उभी आहे, तिच्यातून न्या.